आधी माणसं वेगळी करा

सोलापुरात अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवता शिकवता मी मेंदूच्या एमआरआयवर काम करू लागलो. ‘अबाइड’ हा स्वमग्नतेवरचा संग्रह संशोधकांना मोफत मिळतो. २०१२ साली खुल्या झालेल्या या संग्रहात १७ केंद्रांतल्या ५३९ स्वमग्न आणि ५७३ इतर व्यक्तींची माहिती आहे.

माझी पद्धत अशी: मेंदूचे ११६ भाग पाडायचे, प्रत्येक भाग एक बिंदू. ज्या दोन भागांतला एमआरआय सिग्नल वेळेनुसार बरोबरीने चढतो-उतरतो, त्यांच्यात रेघ ओढायची. ग्राफ न्यूरल नेटवर्कमध्ये प्रत्येक बिंदू शेजाऱ्यांकडून माहिती घेत जातो आणि अखेर सगळ्या जाळ्यावरून उत्तर निघतं: स्वमग्न की नाही.

डेटा कमी पडतोय असं वाटून मी प्रत्येकाच्या सिग्नलच्या रेकॉर्डिंगचे तुकडे केले, तुकड्यागणिक जाळं बनवलं, सगळी जाळी मिसळली आणि मग प्रशिक्षणाचा व चाचणीचा गट पाडला. अचूकता नव्वदीपार गेली. याच संग्रहावर पॅरिसो आणि सहकाऱ्यांना २०१७ साली सुमारे ७० टक्के मिळाले होते. मला शंका यायला हवी होती. मला अभिमान वाटला.

त्याच भरात एका पालकसभेत मी मेंदूचं रंगवलेलं चित्र दाखवलं. एका आईने विचारलं, “सर, माझ्या पोराच्या डोक्यात नेमकं कुठं बिघडलंय, ते यात दिसंल का?” मी म्हणालो, “बऱ्यापैकी दिसेल.” ते उत्तर मला आजही सलतं.

पुढे एका विद्यार्थिनीने कोड वाचून विचारलं, “सर, एकाच माणसाचे तुकडे दोन्हीकडे आहेत ना?” होते. अशा जाळ्यावरून माणूस ९० टक्क्यांहून अधिक वेळा ओळखता येतो, हे फिन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली १२६ जणांवर दाखवलं होतं. माझं मॉडेल माणूस ओळखत होतं, स्वमग्नता नव्हे. माणसं आधी वेगळी केल्यावर आकडा साठीच्या घरात आला. एक अख्खं केंद्र चाचणीसाठी राखून ठेवलं, तेव्हा आणखी घसरला. मॉडेल केंद्राकेंद्रांतल्या यंत्रांमधला फरकही शिकलं होतं. स्कॅन चालू असताना डोकं किंचित हललं तरी भागाभागांत खोटे संबंध दिसतात, तेही मी तपासलं नव्हतं.

त्या आईला भेटून मी माझं विधान मागे घेतलं.

या विषयात उतरणाऱ्या मुलांना माझी विनंती आहे: आधी माणसं वेगळी करा, मग केंद्रं, आणि त्यानंतरच अचूकता सांगा. पालकांनीही ध्यानात ठेवावं, स्वमग्नतेचं निदान आजही मुलाचं वागणं आणि विकास पाहून तज्ज्ञच करतात. एमआरआयवरून ते होत नाही.