कोशिएनची काळी माती

ओसाकातल्या उमेदा स्टेशनातून हानशिन रेल्वेची जलद गाडी पकडली, की पाव तासात कोशिएन. रेल्वे कंपनीनेच १९२४ साली बांधलेलं हे बेसबॉलचं मैदान. बाहेरच्या भिंतींवर वेल चढलेले. ऑगस्टचं ऊन असं, की बर्फाचे खडे भरलेली प्लॅस्टिकची पिशवी घ्यायची, आधी मानेवर धरायची आणि मग वितळलेलं पाणी स्ट्रॉने प्यायचं, ही इथली रीतच आहे.

भोंगा वाजला. दोन शाळांचे संघ समोरासमोर रांगेत उभे राहून वाकले, आणि सामना सुरू. पहिला खेळाडू बेसवर पोचताच पुढच्याने बॅट आडवी धरली आणि चेंडू अलगद जमिनीवर टाकला. स्वतः बाद झाला, पण साथीदार एक बेस पुढे सरकला. हा बंट अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये आता क्वचितच दिसतो. एक गडी गमावण्यापेक्षा मोठ्या फटक्याची वाट बघणं परवडतं, असा तिथला हिशेब. इथे मात्र बाद होऊन परतणाऱ्या मुलाचं डगआउटमध्ये टाळ्यांनी स्वागत झालं.

खेळ तोच, मग फरक कुठून आला? मला वाटतं, शाळेतून. होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने १८७२ च्या सुमारास तोक्योतल्या विद्यार्थ्यांना हा खेळ शिकवला. १८९६ मध्ये तिथल्याच इचिको विद्यालयाच्या मुलांनी योकोहामातल्या अमेरिकनांना २९-४ असं लोळवलं. व्यावसायिक लीग जपानमध्ये आली ती थेट १९३६ मध्ये. अमेरिकेत ती १८७० च्या दशकापासूनच होती. तिकडे बेसबॉल धंद्यात वाढला, इकडे वर्गमित्रांत. कोशिएनची उन्हाळी शालेय स्पर्धा १९१५ पासूनची, म्हणजे या मैदानाच्याही आधीची, आणि एकदा हरलं की थेट घर.

हरलेली मुलं मैदानातली काळी माती ओंजळीने पिशवीत भरून नेतात. १९५८ मध्ये अमेरिकी अमलाखालच्या ओकिनावातून शुरी हायस्कूलचा संघ आला, हरला, माती घेऊन परतला. पण पिकांना रोग लागू नये म्हणून केलेल्या नियमामुळे ती नाहा बंदरातच टाकून द्यावी लागली. हे कळल्यावर जपान एअरलाइन्सच्या हवाईसुंदरींनी त्या मुलांना कोशिएनचे खडे पाठवले. ते शाळेतल्या स्मारकात बसवले आहेत.

हे मैदान खरं तर व्यावसायिक हानशिन टायगर्सचं. पण स्पर्धा संपेपर्यंत, ऐन हंगामात, ते दुसरीकडे खेळतात. शाळकरी पोरांसाठी व्यावसायिक संघाने घर रिकामं करून द्यायचं, हे न्यूयॉर्क-बॉस्टनमध्ये मला कल्पनेतही दिसत नाही. माझ्या शेजारचे आजोबा टायगर्सची टोपी घालून दोन्ही शाळांसाठी टाळ्या वाजवत होते.