तारांची उंची आणि स्लाइडचा स्वर

स्लाइड म्हणजे बोटात घालायची काचेची वा धातूची नळी. ती तारेवर दाबायची नसते, नुसती टेकवून सरकवायची असते, आणि इलेक्ट्रिक गिटारवर तिच्यासाठी होणारे बहुतेक फेरफार या एकाच गोष्टीतून निघतात. एरवी तारा पडद्यांलगत असलेल्या बऱ्या, कारण त्या दाबायला श्रम कमी पडतात. परंतु अशा तारांवर नळी टेकवली की तार खाली दबून पडद्यांवर खडखडते आणि मींड मध्येच तुटते. म्हणून घोडीवरचे आधार उचलून बाराव्या पडद्यावरची उंची दीड-दोन मिलिमीटरवरून साधारण अडीच-तीनवर नेली जाते, आणि पहिली तार ०.००९ इंचाऐवजी ०.०११ ते ०.०१३ इंच जाडीची घेतली जाते, कारण बारीक तार नळीच्या भाराने लगेच लवते व स्वरही पातळ येतो.

तारांच्या जाडीचा निर्णय मिळवणीपासून वेगळा काढता येत नाही. स्लाइडसाठी बहुधा ‘ओपन’ मिळवणी पत्करतात, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या तरी मेजर कॉर्ड उमटते. एल्मोर जेम्सच्या ओपन डी मिळवणीत चार तारा उतरवल्या जातात, तर ड्वेन ऑलमनच्या ओपन ई मिळवणीत तीन तारा चढवल्या जातात. स्वरांतरे दोन्हींत तीच असली तरी दुसरीत मानेवरचा ताण वाढतो आणि मानेतली लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, पुन्हा तपासावी लागते.

सर्वांत नाजूक प्रश्न बाकाचा आहे. नळी सरळ असते, पण जुन्या फेंडर गिटारींची फळी सव्वासात इंच त्रिज्येच्या वर्तुळाइतकी वाकलेली असते, त्यामुळे मधल्या तारा आधी दबतात आणि कडेच्या सुटतात. घोडीवरचे आधार जवळजवळ एका रेषेत आणले तर ही अडचण सरते, परंतु कडेच्या तारा बोटांनी दाबणे जड होते. ब्रिजभूषण काब्रा यांच्याप्रमाणे गिटार आडवी ठेवून निव्वळ सरकपट्टीने वाजवणाऱ्याला ही चिंता नसते. नळीच्या मागे बोटांनी पडदे दाबणाऱ्या सनी लँड्रेथसारख्या वादकाला मात्र ती टाळता येत नाही. बोटांचे वादन ज्याला सोडायचे नाही त्याने बाक थोडाच कमी करावा आणि उंचीही खडखड थांबेल तेवढीच वाढवावी, हेच योग्य, कारण फार उचललेली तार हाताला जोर लावायची सवय लावते आणि स्लाइडचा स्वर तर हलक्या स्पर्शातच असतो.

उंची वाढल्यावर पिकअप, म्हणजे तारेचे कंपन विजेत बदलणारी चुंबके, तारांपासून दूर पडतात. ती थोडी वर घ्यावीत, पण फार नव्हे, कारण त्यांच्या ओढीने जाड तारांचे कंपन बिघडते. शेवटी नळी पडद्यांच्या मधोमध न धरता बाराव्या पडद्याच्या तारेवर नेमकी टेकवून सप्तक सुरात येते का ते तपासावे, आणि नळीच्या मागची बोटे तारांवर हलकी ठेवून मागच्या भागाची कुजबुज बंद करावी.