दोन कानांमधली हवा

मैफिलीत तंबोरा गवयाच्या पाठीमागून येतो. तो गाण्याच्या पुढे येत नाही. सगळीकडे पसरलेला असतो आणि गाणं त्याच्या आत बसलेलं असतं. डग्ग्याची घुमार बैठकीवरून मांडीपर्यंत पोचते, पेटी एका अंगाला राहते आणि गवई समोर, काही हातांवर. ते ‘काही हात’ मला सुरांइतकेच प्रिय आहेत.

रात्री हेडफोनवर गाणं लावावं, तर नेमके तेच हरवतात. श्वाससुद्धा स्वच्छ ऐकू येतो, पण गवई कवटीच्या आत, मधोमध येऊन बसतो. तबला एका कानाला चिकटतो, पेटी दुसऱ्याला. समोर कुणीच नसतं.

याचं कारण शोधत गेलं की स्वतःच्या डोक्याबद्दलच नवल वाटू लागतं. खोलीत दोन स्पीकर लावले की डावीकडचा आवाज फक्त डाव्या कानाचा राहत नाही. तो उजव्या कानालाही जातो. सेकंदाच्या सुमारे चार हजाराव्या भागाइतका उशीर लागतो, एवढंच. वाटेत डोकं आडवं येतं, म्हणून तबल्याच्या चाटीची धार बोथट होते. डग्ग्याचा खर्ज मात्र डोक्याला वळसा घालून जवळजवळ तसाच पोचतो. कानाच्या पाळीच्या घड्या दिशेप्रमाणे आवाजाचा रंग बदलतात, भिंती आवाज परतवतात, आणि आपण मान जराशी वळवली तरी गवई जागचा हलत नाही. इतक्या खुणा जुळवून मेंदू ठरवतो की आवाज तिथून येतोय. हेडफोनमध्ये यातली जवळपास एकही खूण उरत नाही. शिवाय बहुतेक ध्वनिमुद्रणांत कोण कुठे बसणार, हे स्पीकरवर ऐकूनच ठरवलेलं असतं.

बेंजामिन बाउअर या अमेरिकी अभियंत्याने १९६१ साली यावर एक सर्किट मांडलं. डाव्या बाजूचा थोडा आवाज उजवीकडे द्यायचा, उजवीकडचा डावीकडे. पण किंचित उशिरा आणि वरच्या पट्टीची धार काढून. म्हणजे डोकं जे करतं, तेच तारांनी करायचं. यालाच क्रॉसफीड म्हणतात. मला यातलं सौंदर्य असं दिसतं, की दोन कानांना अगदी वेगवेगळं दिल्याने जागा तयार होत नाही. एकाचं थोडं दुसऱ्याला मिळालं की होते. सुरुवातीला आवाजाचा पसारा आक्रसल्यासारखा वाटतो. मग तबला कानावरून सुटतो, जरासा पुढे सरकतो, आणि डाव्या-उजव्या टोकांची ओढाताण थांबल्यामुळे एक अख्खा विलंबित ख्याल न थकता ऐकता येतो. खोली काही उभी राहत नाही, हे खरं. आणि हा उपाय बेतानेच वापरावा. जास्त झाला की पेटी आणि सारंगी एकमेकींत मिसळतात.

पुढची वाट, म्हणजे कानाची मापं घेऊन दिशेच्या खुणाही परत आणण्याची, अवघड आहे. प्रत्येकाच्या कानाची घडण वेगळी, त्यामुळे दुसऱ्याच्या कानावर घेतलेली मापं आपल्याला पुरती लागू पडत नाहीत. मान वळली की आवाजाची दिशा सावरून घेणारे हेडफोन आता मिळतात, आणि माझ्या मते खरी आशा तिथेच आहे. व्हिएन्नाच्या एकेजी कंपनीचा ‘के १०००’ हा हेडफोन मला त्याहून मोहवतो. त्याचे छोटे स्पीकर कानांवर न टेकता, दाराच्या फळ्यांसारखे बाहेर उघडत. कानाची पाळ मोकळी, भोवती हवा. कोणतंही गणित न करता त्याने गवयाला थोडं कवटीबाहेर आणलं.

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकांपुढे मात्र क्रॉसफीडचं काही चालत नाही. त्या मोनो आहेत. दोन्ही कानांना एकच आवाज, मग देवाणघेवाण कशाची करणार? तिथे अंतर खोलीकडूनच घ्यावं लागतं. म्हणून त्या मी सकाळी, घर जागं झाल्यावर लावतो. एकच स्पीकर, भिंतीपासून हातभर पुढे ओढलेला, आवाज बोलण्याच्या पट्टीत. तेवढ्यावरही खाँसाहेब समोर बसून गातात.