धरतलंस खंय?

आमच्या गराजमध्ये गेली दोन वर्षं गाडी शिरलेली नाही. आधी तिथे प्लायवूडचे तक्ते आले, मग इपॉक्सीचे डबे आले आणि मग १७ फुटांची एक होडी कायमची राहायला आली. सिअ‍ॅटलचा पाऊस प्रसिद्धच आहे. बायकोच्या मते त्यातला बराचसा तिच्या गाडीवर पडला.

ही होडी म्हणजे समुद्रात नेण्याजोगी कयाक. एका माणसाची, २३ इंच रुंद आणि रिकामी असताना जेमतेम २० किलोची. पातळ प्लायवूडच्या फळ्या कापायच्या, कडेने भोकं पाडून तांब्याच्या तारेने त्या एकमेकींना शिवायच्या, सांध्यांत इपॉक्सी भरायचं, मग तारा काढून वरून फायबरग्लासचं कापड चढवायचं. मालवणला बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, “म्हणजे शिवलंसच मरे! आमची रापणीची होडी काय येगळी होती?” त्यांच्या लहानपणी रापणीच्या होड्या काथ्याने शिवलेल्या असत. मी इतके दिवस अमेरिकेत काहीतरी नवं शिकतोय अशा समजुतीत होतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात वॉर्निशचा शेवटचा हात दिला आणि सगळ्यांना फोटो पाठवले. आता एकच किरकोळ काम उरलं होतं : डेकवर दोर लावायचे आणि सामान ठेवायची सोय करायची. एका शनिवार-रविवारचं काम, असं मी धरून चाललो होतो. त्याला तीन महिने लागले. ते का लागले, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

मी छान नक्षी काढली होती. पुढे आणि मागे काळ्या इलॅस्टिक दोराची फुलीफुलीची जाळी, तिच्याखाली नकाशा, पाण्याची बाटली, जास्तीचं वल्हं. व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवलं. बाबा ७९ वर्षांचे आहेत. उमेदीची वर्षं समुद्रावर काढली, पण त्यांना पोहता येत नाही. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “सगळा बरा आसा. पण पाण्यात पडलंस तर धरतलंस खंय?”

मी इलॅस्टिककडे बोट दाखवलं. “ता ताणता,” ते म्हणाले. “त्येका धरून काय होतला?”

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. ते विशीत असताना उलांडीची बांधणी सुटून त्यांची होडी पालथी झाली होती. उलांडी म्हणजे आपल्याकडच्या होडीला बाजूने बांधलेलं, पाण्यावर तरंगणारं लाकूड, जे होडीला कलंडू देत नाही. ओली पालथी होडी इतकी गुळगुळीत असते की नखंसुद्धा लागत नाहीत. कडेने काथ्याचा एक दोर बांधलेला होता. बाबांच्या हाताला तो लागला. त्यांच्या मामेभावाच्या हाताला लागला नाही.

वयाच्या ५२ व्या वर्षापर्यंत मला हे ठाऊक नव्हतं. फोन ठेवल्यावर मी गराजमध्ये जाऊन होडीपाशी नुसता बसून राहिलो.

इथलं पाणी मालवणसारखं कोमट नाही. प्युजेट साउंडचं पाणी भर उन्हाळ्यातही १३-१४ अंशांच्या आसपास असतं, थंडीत ८-९ अंशांवर येतं. थंड पाण्याच्या बाबतीत इथे १-१०-१ असा एक ठोकताळा शिकवतात. कॅनडातले संशोधक गॉर्डन गीसब्रेख्ट यांच्यामुळे तो बराच माहितीचा झाला. पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं. पुढची साधारण १० मिनिटं हातपाय तुमचं ऐकतात. शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. म्हणजे जे काही करायचं ते त्या दहा मिनिटांत, आणि तेही बधिर होत चाललेल्या बोटांनी. डेकवरची प्रत्येक वस्तू या हिशेबाने बघितली, तेव्हा माझ्या नक्षीतलं फारच थोडं टिकलं.

सगळ्यात आधी होडीच्या दोन्ही कडांनी, नाकापासून शेपटीपर्यंत, ६ मिलिमीटर जाडीचा पॉलिएस्टरचा न ताणणारा दोर आला. हातमोज्यातली बोटं खाली जातील इतपत ढिला, पण वल्हं अडकेल इतका सैल नाही. इलॅस्टिक फक्त वस्तू दाबून धरायला ठेवलं. दोर ओवायला पट्ट्यांचे नक्के लागतात आणि त्यांच्यासाठी डेकला भोकं पाडावी लागतात. दोन वर्षं पॉलिश पेपरने घासलेल्या, आरशासारख्या डेकवर ड्रिल टेकवताना काय होतं ते लाकूडकाम करणाऱ्यांना सांगायला नको. त्यात प्लायवूडच्या कापल्या कडेने पाणी आत शिरतं आणि लाकूड कुजायला लागतं. म्हणून आधी मोठं भोक पाडायचं, ते घट्ट इपॉक्सीने भरायचं, वाळलं की त्याच्या मधोमध बोल्टपुरतं लहान भोक पाडायचं. पाणी आलंच तर ते इपॉक्सीला भिडतं, लाकडाला नाही. अशी १४ भोकं होती, आणि प्रत्येकासाठी एक दिवस थांबणं.

दोन्ही टोकांना धरायला आडव्या मुठी लावल्या, जुन्या झाडूच्या दांड्याचे तुकडे कापून. नुसता दोराचा फास का नाही? फासात बोटं घातली आणि लाटेने होडी गरकन फिरली, तर फास बोटांभोवती पिळला जातो. मूठ नुसती हातात फिरते.

यातलं मी नवं काहीच शोधलेलं नाही. कयाक मूळची आर्क्टिकमधल्या इनुइट लोकांची. ग्रीनलंडच्या जुन्या कयाकवर सीलच्या कातड्याच्या वाद्या आणि हाडांच्या खुंट्या दिसतात. शिकाऱ्याचा भाला त्याच्या हाताला सापडेल अशा ठरलेल्या जागीच असायचा. थंड पाण्यावर पोट असलेल्या माणसांनी ते सगळं आधीच बसवून ठेवलं होतं.

मग सामानाची सोय. बैठकीच्या पुढे आणि मागे दोन आडभिंती घालून होडीचे तीन कप्पे केले. पुढचा-मागचा कप्पा पाणबंद असला, तर उलटल्यावर फक्त मधल्या भागात पाणी भरतं आणि होडी तरंगत राहते. सामान ठेवणं हा त्यांचा दुसरा उपयोग. झाकणांच्या कडेला रबरी फोमची पट्टी चिकटवली आणि वरून बकलचे पट्टे आवळले. बागेच्या नळीने पाच मिनिटं पाणी मारलं तर मागच्या कप्प्यात कपभर पाणी. पट्टीचा सांधा मी नेमका कोपऱ्यावर घेतला होता. काढली, सरळ बाजूला सांधा घेऊन परत लावली. आडभिंतींना जाड सुईएवढं भोकही ठेवलं. उन्हात तापलेली होडी थंड पाण्यात घातली की आतली हवा आकसते आणि झाकणाच्या फटीतून पाणी ओढून घेते. या बारक्या भोकातून तिला श्वास घेता येतो.

ऑगस्टमध्ये लेक वॉशिंग्टनमध्ये परीक्षा घेतली, कारण तिथलं पाणी त्या दिवसांत बरंच ऊबदार असतं. एक अनुभवी मित्र शेजारी त्याच्या कयाकमध्ये, लेक किनाऱ्यावर मोबाइलचं घड्याळ लावून. मी मुद्दाम उलटलो. दोर लगेच हाताला लागला. पण वल्ह्याला लावायची हवेची पिशवी मी मागच्या इलॅस्टिकखाली इतकी दूर खोचली होती की हात पोचेना. ती ओढताना हातपंप सुटून वाहत गेला. कसाबसा वर चढलो. लेकीने “७ मिनिटं १० सेकंद” एवढंच सांगितलं आणि टॉवेल दिला.

त्या आठवड्यात रोज रात्री मी गराजमध्ये डोळ्यांना पंचा बांधून होडीत बसायचो. पिशवी कुठे, पंप कुठे, जास्तीचं वल्हं कुठे, हे हाताने शोधायचो. बायको एकदा कपडे धुवायला आली, बघितलं आणि काही न बोलता दिवा घालवून गेली. पिशवी बैठकीच्या अगदी मागे आली, पंप दोरीने बांधला गेला. बाटली डेकवरून आत गेली; वर जितकं सामान, तितका वारा जास्त लागतो आणि होडी डोलते. पुढच्या खेपेला ३ मिनिटांत वर आलो.

तो व्हिडिओ बाबांना दाखवला. वल्ह्याच्या एका पात्याला फुगवलेली पिशवी, दुसरं टोक डेकवरच्या दोराखाली खोचलेलं, त्या आडव्या वल्ह्यावर भार देऊन मी वर चढतोय. बाबा हसायलाच लागले. “ही तर उलांडीच!”

सप्टेंबरात, हवामान बघून, त्याच मित्राबरोबर ब्लेक बेटावर एक रात्र मुक्कामाला गेलो. तिथे पूल नाही, फेरी नाही, आपलीच होडी हवी. पाण्याच्या पिशव्या आणि डाळ-तांदूळ बैठकीलगत तळाशी, तंबू आणि झोपायची पिशवी टोकांकडे. जड वस्तू मधे, हलक्या कडेला. तिथले रकून खाण्यावर टपलेले असतात, म्हणून रात्री दशम्यांचा डबा परत कप्प्यात घालून झाकण आवळलं. सकाळी डबा जागेवर होता आणि कप्पा कोरडा होता.

तुमच्यापैकी कुणी होडी बांधत असेल, विकत घेत असेल, किंवा सुट्टीत तासाभरासाठी भाड्याने घेणार असेल, तर एवढं कराच. लाइफ जॅकेट घालून, किनाऱ्याजवळ कमरेएवढ्या पाण्यात तिच्याशेजारी उभे राहा, डोळे मिटा आणि हात पुढे करा. हाताला काय लागतं ते बघा.

उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने दोर झिजतो. या वसंतात मी सगळा दोर बदलला. बाबांना सांगायचं राहून गेलं होतं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी त्यांचाच फोन आला. खुशाली, आंब्याचा मोहर, गुडघे, सगळं झाल्यावर म्हणाले, “दोर बदललंस?”

“होय बाबा. बदललंय.”