डिंकाखालचा रंग

शर्यतीआधी आमच्या बोटीवरचा जुना नंबर काढायचं काम माझ्याकडे आलं. स्टिकर निघाला, डिंक राहिला. घाईत मी थिनर चोळला आणि डिंकासोबत निळा रंगही फडक्यावर उतरला. वर नवा नंबर चिकटवला असता, तर कुणाला कळलंही नसतं. रात्री तेच डोक्यात घोळत राहिलं.

सकाळी उस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, "उखडलेल्या रंगावर स्टिकर धरत नाही. भर पाण्यात सुटला असता."

मग उरलेला डिंक गरम पाण्याच्या फडक्याने मऊ केला, रॉकेल लावून प्लास्टिकच्या पट्टीने अलगद खरवडला, साबणाने जागा धुतली. रंगाचा हात मीच दिला.

तो वाळेपर्यंत आमची बोट शर्यतीला मुकली. हाउसमधल्या मुलांना कारणही मीच सांगितलं.