खिमा आणि भात

सामिष भोजन करणाऱ्या मराठी घरांत रविवार, बुधवार आणि शुक्रवार असे जे तीन वार शिरस्त्याने चालत आले आहेत, त्यांतला रविवार हा रश्श्याचा, साग्रसंगीत वाटणाचा आणि दुपारच्या निद्रेचा. परंतु बुधवारची संध्याकाळ, जेव्हा मिळवती माणसे गाडीच्या गर्दीतून थकून परतलेली असतात आणि मुलांचा अभ्यास अजून व्हायचा असतो, ती खिम्याची आणि भाताची.

रविवारच्या मटणाविषयी माझ्या मनात अनादर नाही. तथापि त्या पातेल्यात उपजतच विषमता असते, असे मला नेहमी वाटत आले आहे. नळी कोणाची, कलेजी कोणाला, मऊ तुकडा कोणाच्या ताटात, याचा निवाडा पूर्वी घराघरांत वतनाच्या हक्काने झाल्यासारखा होई: आधी आजोबा, मग कर्ते पुरुष, मग मुलगे, त्यानंतर मुली, आणि सर्वांच्या पश्चात स्वयंपाकघरात पान मांडून बसणाऱ्या स्त्रियांच्या हिश्शाला रस्सा, बटाट्याच्या दोन फोडी आणि एखादे कोरडे हाड येई. त्यांपैकी कोणी कधी तक्रार गुदरली नाही, आणि नेमकी तीच गोष्ट मला आजही बोचते. खिमा मात्र ही वाटणी सुऱ्याखालीच पुरी करून घरात येतो. त्यात मानाचा तुकडा नाही, म्हणून मानकरीही नाही. पहिल्या ताटात वाढलेला डाव आणि शेवटल्या ताटात वाढलेला डाव एकाच चवीचा.

खिमा घ्यावा तो खाटकासमोर उभे राहून, खांद्याच्या किंवा मांडीच्या मांसाचा, किंचित चरबीसह आणि शक्यतो हाताने केलेला. कारण यंत्रातून निघालेल्याचा पुष्कळदा लगदा होतो, तर लाकडी ठोकळ्यावर सुऱ्याने बारीक केलेल्याचा कण शिजल्यावरही आपले अस्तित्व राखतो. मांसाचे तंतू आधीच तुटलेले असल्याने जे मटण एरवी तासभर घेते ते अर्ध्या तासाच्या आत मऊ होते. आणि हवेला उघडा पडणारा पृष्ठभाग वाढल्याने तितक्याच लवकर बिघडतेही, म्हणून आणलेला खिमा त्याच दिवशी शिजलाच पाहिजे.

कांदा तांबूस झाल्यावर आले-लसणाचे वाटण आणि हळद-तिखट पडले की खिमा मोठ्या आचेवर, सुटलेले पाणी आटून कडेला तेल दिसेपर्यंत, धीराने परतावा. सारे कौशल्य एवढ्या एका टप्प्यात आहे, कारण इथे उतावीळ झालेल्या हाताला पुढे कितीही गरम मसाला घातला तरी मांसाचा उग्र दर्प लपवता येत नाही. टोमॅटो आपल्या आवडीने. हिवाळा असेल तर ताजे मटार अवश्य. पोळीशी खायचा तर सुका, भाताशी खायचा तर अंगाबरोबर रस ठेवलेला.

भाताचे मोल माझ्या आजीच्या पिढीला निराळ्या रीतीने कळले होते. 1943 साली मुंबईत रेशनिंग सुरू झाले आणि तांदूळ शिधापत्रिकेवर मोजून मिळू लागला. तेव्हा मूठभर मांसात मोठे कुटुंब तृप्त करण्याची तजवीज ज्या हातांनी केली, ते हात नंतर सुबत्तेच्या दिवसांतही तांदळाचा दाणा वाया जाऊ देत नसत. अर्धा किलो खिमा आणि तेवढाच तांदूळ सहा माणसांना सुखाने पुरतो, हा हिशेब मी त्यांच्याकडूनच शिकलो.

खिमा आणि भात वेगवेगळे शिजवण्याहून सुटसुटीत रीत हवी असेल तर शिजत आलेल्या खिम्यावरच धुऊन निथळलेला कोलम घालावा, दोन मिनिटे परतावा, तांदळावर बोटाचे एक पेर उभे राहील इतके उकळते पाणी आणि मीठ घालून झाकण ठेवावे व आच मंद करावी. बासमतीचा डामडौल इथे अस्थानी. कोलमचा आखूड दाणा रस पिऊन घेतो आणि तरीही मोकळा राहतो. सोबत लिंबाची फोड, चिरलेला कांदा, घर कोकणातले असेल तर सोलकढी. याहून अधिक काही मांडू नये. पातेले सर्वांच्या मध्ये आणून ठेवावे, आणि जिने ते शिजवले तिने वाढण्यासाठी उभे न राहता, भात वाफाळता आहे तोवरच, इतरांबरोबर जेवायला बसावे.