हत्ताच्या वाटेवर तीन सायकली

मागच्या डिसेंबरात शारजाला थोरल्या भाईंकडे जायचा योग आला. भाई तिथे एकवीस वर्षं आहेत. त्यांचा मुलगा इकडे गावी, दापोली तालुक्यात, दादीपाशी वाढला. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून तो वर्षापूर्वी वडिलांकडे गेला आणि एका सायकलच्या दुकानात दुरुस्तीच्या कामाला लागला.

लहानपणी त्याला अब्बा वर्षातून एक महिना भेटायचे. ओळख जमते न जमते तोच विमानाचा दिवस यायचा. आखातात माणूस असलेल्या घरांना हे वेगळं सांगायला नको. आता बापलेक एका खोलीत राहतात, पण मी गेले तेव्हा दोघांचं बोलणं 'दूध आणलं का' आणि 'किल्ली कुठे आहे' एवढंच होतं.

एक दिवस भाचा म्हणाला, "फुफू, रविवारी हत्ताला जाऊ. अब्बा, तुम्हीपण चला." दुकानाच्या मालकांना विचारून त्याने तीन सायकली गाडीमागे बांधल्या. दोन विजेवर चालणाऱ्या, आम्हा दोघांसाठी. तिसरी साधी, त्याच्यासाठी. माझे गुडघे दुखतात, म्हणून मी आधी नाहीच म्हणत होते.

फज्रनंतर निघालो. हत्ता दुबई अमिरातीचाच भाग आहे, पण मुख्य दुबईपासून तुटलेला, सुमारे १३० किलोमीटर दूर, हजर पर्वतात. वाळू संपते आणि समोर तपकिरी, काळपट डोंगर उभे राहतात. अरबीत हजर म्हणजे दगड. हजरे अस्वदमधला हजर तोच. हे दगड कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी होते, नंतर वर ढकलले गेले. आपल्या कोकणातल्या डोंगरासारखी हिरवळ इथे नाही. खाली वाडीत, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात, खजुराची झाडं तेवढी दिसतात. या डोंगरात सायकलींसाठी खास वाटा काढल्या आहेत आणि अवघडपणाप्रमाणे त्यांना हिरवा, निळा, लाल, काळा असे रंग दिले आहेत.

गाडीतून सायकल उतरवताना तिचं वजन कळलं. चांगली साधी डोंगरी सायकल तेरा-पंधरा किलोची, ही चोवीसची. मोटर पायडलच्या मध्यभागी आणि बॅटरी खालच्या नळीत. वजन खाली आणि मधोमध राहिलं की वळणावर तोल जात नाही, असं भाच्याने सांगितलं. ही स्कूटर नाही. मूठ पिळून ती पळत नाही. तुम्ही पायडलवर किती जोर देता हे आतला सेन्सर मोजतो आणि त्या प्रमाणात मोटर मदत करते. पाय थांबले की मदतही थांबते. अशी सायकल १९९३ मध्ये जपानच्या यामाहाने बाजारात आणली. डोंगरी सायकलींना तिची जोड मिळाली ती बरीच नंतर.

मग त्याने एक छोटा पंप काढला. टायरसाठी नव्हे, शॉकरसाठी. पुढच्या फोर्कच्या एका पायात हवा असते, ती स्प्रिंगचं काम करते. दुसऱ्या पायात तेल असतं. दगडावरून गेल्यावर हवा दबते आणि उसळी घेऊ बघते. तेल बारीक छिद्रांतून सावकाश सरकतं आणि त्या उसळीला लगाम घालतं. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त सायकलींच्या शॉकरमध्ये नुसती स्प्रिंग असते, म्हणून त्या खड्ड्यातून घोड्यासारख्या उधळतात. मला वाटायचं, शॉकर बसणाऱ्याच्या आरामासाठी. भाचा म्हणाला, "नाही फुफू. खरं काम म्हणजे चाक जमिनीला टेकलेलं ठेवणं. चाक हवेत गेलं की ना ब्रेक लागतो, ना हँडल ऐकतं."

ही हवा माणसाच्या वजनाप्रमाणे भरावी लागते. "अब्बा, तुमचं वजन किती?"

"ऐंशी."

त्याने हवा भरली, मागच्या शॉकरच्या दांड्यावरची रबरी रिंग खाली सरकवली आणि अब्बांना अलगद बसून अलगद उतरायला सांगितलं. शॉकर जितका दबेल तितकी रिंग सरकते. ती सोळा मिलिमीटर सरकायला हवी होती. सरकली तेरा. त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा तेरा. पंपाचा काटा तपासला. मग तो उठून उभा राहिला.

"अब्बा, तुमचं वजन ऐंशी नाही."

भाई गप्प. मग हळूच म्हणाले, "पूर्वी होतं. चार महिन्यांपूर्वी शुगर निघाली. गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणाले चालत जा, हालचाल ठेवा. घरी कशाला कळवायचं?"

"मी घरीच असतो, अब्बा."

याच्यावर भाईंकडे उत्तर नव्हतं. खरं तर माझ्याकडेही नव्हतं. आठ दिवस मी त्यांच्यासमोर जेवत होते, शर्ट सैल झालेला मलाही दिसला नव्हता. भाच्याने काही न बोलता थोडी हवा सोडली आणि पुन्हा मोजलं. सोळा. आणखी एकदा विचारून घेतलं, चक्कर येते का, काही खाल्लंय का. दोन खजूर हातात दिले आणि म्हणाला, "फक्त हिरवी वाट. आणि मदत सगळ्यात जास्तीवर ठेवा."

चढ लागला. एरवी तेवीस वर्षांचा मुलगा पुढे निघून गेला असता आणि सत्तावन्न वर्षांचा बाप खाली राहिला असता. इथे मुलगा घाम गाळत होता आणि बाप मोटरच्या आधाराने त्याच्या बरोबरीने चालला होता. मी दहा हात मागे होते. गुडघ्यांवर ताण येत नव्हता. खडीवरून चाकं खडखडत होती, पण हातांना हादरा पोचत नव्हता. भाईंचा आवाज ऐकू आला, "तुला सायकल कुणी शिकवली रे?"

"फुफूने. शाळेच्या मैदानात."

बराच वेळ नुसता चाकांचा आवाज. मग भाई म्हणाले, "मला शिकवायची होती."

"आता मी शिकवतो तुम्हाला. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. ही जड आहे, थांबायला वेळ लागतो."

दुपारी हत्ताच्या जुन्या वस्तीत गेलो. तिथली जुमा मशीद १७८० ची, गावातली सर्वांत जुनी इमारत मानतात. जवळच १८९६ चा किल्ला आणि दोन गोल बुरूज. बापलेक बुरुजाच्या सावलीत बसून शुगरच्या रिपोर्टवर बोलत होते. मी मुद्दाम लांब थांबले.

मी परतण्याआधी भाच्याने घरात वजनकाटा आणला. आता दर रविवारी तो मला फोनवर आकडा कळवतो. निघाले तेव्हा सहासष्ट होता. परवाचा अडुसष्ट आहे.